वार पूर्ण, असं मी लिहिलं

बाळ बाहेर आलं की खोलीतले सगळे बाळाकडे बघतात. रडलं का, मुलगा की मुलगी, वजन किती, नाक कुणावर गेलंय. मी छत्तीस वर्षं लेबर रूममध्ये काढली आणि त्या घटकेला मी बाळाकडे कधी धड बघितलं नाही. मी पायथ्याशी ट्रे धरून उभी असायची आणि वार पडायची वाट बघायची. बाळ आलं की बाळंतपण संपलं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या कामात ते तेव्हा निम्मंच झालेलं असतं.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा. तुम्ही बोलता तसंच, फटकळ." फटकळ मी आहेच, ते काही नाकारत नाही. गमतीही पुष्कळ आहेत आणि एक-दोन सांगणारच आहे. पण लिहिता लिहिता एका वाक्याशी माझा हात अडला, आणि मग जे लिहावं लागलं ते हसण्याजोगं नाही. छापायचं की नाही ते बाईंनी ठरवावं.

आधी वार म्हणजे काय ते सांगते, कारण तीन-तीन मुलांच्या आयांनाही ते माहीत नसतं. नाळ सगळ्यांना माहीत असते. त्या नाळेचं दुसरं टोक कुठे जातं, हे कुणी विचारत नाही. ते वारेत जातं. वार म्हणजे जाडजूड भाकरीएवढा, अर्धा किलोच्या आसपास वजनाचा मांसाचा गोळा. ती आईच्या गर्भपिशवीला आतून चिकटून वाढते. गंमत अशी, की ती आईच्या पोटात वाढते तरी आईची नसते. ज्या बीजापासून बाळ होतं त्याच बीजापासून वार होते, म्हणून तिच्यात बापाचाही वाटा असतो. हे सांगितलं की सासवांना फार बरं वाटायचं.

नऊ महिने बाळाचं सगळं ही वार बघते. बाळ पोटात श्वास घेत नाही, जेवत नाही, तरी त्याला हवा आणि अन्न पोचतं ते वारेतून. त्याची घाणही वारेतूनच आईच्या रक्तात परत जाते. म्हणजे फुप्फुस तीच, आतडं तीच आणि मूत्रपिंडही तीच. आईच्या अंगातली रोगांशी लढायची ताकद बाळाला थोडी उसनी मिळते, तीही तिच्यातूनच. वर गरोदरपण टिकवणारे रस तीच तयार करते. आणि एवढं सगळं करताना आईचं रक्त आणि बाळाचं रक्त ती एकमेकांत मिसळू देत नाही. मध्ये पातळ पडदा असतो, देणंघेणं सगळं पडद्याआडून. चांगल्या सुनेसारखी दोन्ही घरं सांभाळते आणि काम झालं की तिला कुणी विचारत नाही.

बाळ झाल्यावर पाच मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात वार सुटून बाहेर पडते. मग गर्भपिशवी आवळून मुठीसारखी घट्ट होते आणि रक्त थांबतं. वारेचा लिंबाएवढा तुकडा जरी आत राहिला तरी ती मूठ नीट मिटत नाही. मग रक्त जातं, कधी त्याच दिवशी, कधी आठ-दहा दिवसांनी, आणि आत पू होतो. बाई यात जाऊ शकते, आणि जातेही.

म्हणून वार पडली की ती ट्रेमध्ये पसरून बघायची असते. एक बाजू गुळगुळीत, चकचकीत, तिच्यावर नसा झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या. ही बाळाकडची बाजू. मग पालथी करायची. आईकडची बाजू लाल, खडबडीत, पंधरा-वीस फुगीर तुकडे एकमेकांना लागून. एखाद्या तुकड्याची जागा रिकामी दिसली तर तो तुकडा आत राहिला. मग कडा बघायच्या. नस कडेपर्यंत येऊन थांबली तर ठीक. कडेच्या पलीकडे, पातळ पडद्यात जाऊन मध्येच तुटलेली दिसली, तर समजायचं की या वारेला बाजूला आणखी एक छोटं पिल्लू होतं आणि ते आतच राहिलंय. सगळं बघायला दोन मिनिटं लागतात. मग केस पेपरवर लिहायचं, वार पूर्ण, आणि खाली सही.

आता लोकांच्या मागण्यांबद्दल. माळव्यातल्या खेड्यांतून येणारे लोक वारेला आंवल म्हणतात आणि ती घरी नेऊन अंगणात पुरतात. नाही पुरली तर पोराचं घरात मन लागत नाही, असं म्हणतात. आपल्यात तरी काय वेगळं आहे? एखादा माणूस गाव सोडायला तयार नसला की आपण म्हणतोच, तिथे काय तुझी नाळ पुरलीय का. माझी खरोखरच माधव नगरमधल्या एका भाड्याच्या घराच्या अंगणात पुरलेली होती, वडिलांची रेल्वेतली नोकरी उज्जैनला आली त्याच्या दुसऱ्या वर्षी. पण दवाखान्यात नियम असा, की वार पिवळ्या थैलीत जायची आणि ती थैली दवाखान्याचा कचरा नेणाऱ्या गाडीवाल्याकडे. घरी द्यायची नाही.

नियमाला कारणही होतं. आपलं गाव महाकालाचं, तशी इथे नाना तऱ्हेची साधना करणारी माणसं येतात. एकदा पांढरेशुभ्र कपडे घातलेले, कपाळावर भस्म लावलेले एक गृहस्थ ओपीडीच्या खिडकीशी आले आणि दूध मागावं तितक्या सहजपणे म्हणाले, "सिस्टर जी, एक आंवल मिल जाएगी क्या? पहलौठी की हो तो अच्छा।" पहिलटकरणीचीच हवी, वर ही अट. मी म्हटलं, बाबाजी, भरती हो जाओ, नौ महीने में आपकी खुद की मिल जाएगी. ते जे गेले ते पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या एका बाळंतिणीनं, बेंगळुरूहून माहेरी आलेली आपल्यातलीच मुलगी होती, मला मोबाईलवर दाखवलं की परदेशात वार वाळवून तिच्या गोळ्या करून खातात, तर इथे सोय होईल का. तिची आई शेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा धरून बसली होती. ती म्हणाली, "हे आधी खा, मग तुझी वार बघू."

तर अशी मी. तोंडानं फटकळ, हातानं चोख, असं माझं नाव होतं. या नावाचाच पुढे घात झाला.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, भिंतींची नव्हती. इंदूर रस्त्याकडच्या एका खेड्यातून संगीता नावाची मुलगी आली होती, बाविशीची, पहिलटकरीण. बरोबर तिची सासू, आणि सासूच्या बरोबर धापूबाई. धापूबाई गावची दाई. साठीच्या पुढची, बुटकी, काळी, पायात चांदीची जाड कडी. संगीताचा नवरा हिच्याच हातावर जन्मलेला. दवाखान्यात बाळंतपण व्हायला लागल्यापासून अशा दाया बाईला पोचवायला यायच्या आणि बाहेर बाकावर बसून राहायच्या. आम्हाला त्यांचा त्रासच वाटायचा. आत डोकावतील, काहीतरी सुचवतील. मी तर त्यांना सरळ हाकलायची.

दुपारी एकच्या सुमारास संगीताला मुलगी झाली. बाळंतपण अगदी सरळ. वार दहा मिनिटांत पडली, मी ट्रेमध्ये घेतली. तेवढ्यात दार ढकलून सासू आत. मागे धापूबाई.

"आंवल हमको दे दो," सासू म्हणाली. "घर ले जाना है।"

"अम्मा, बाहर चलो. आंवल नहीं मिलती यहाँ।"

"कैसे नहीं मिलती? हमारी चीज है। हमारे घर में सबकी आँगन में गड़ी है।"

शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत होती, शिकाऊ मुली बघत होत्या, आणि ही दारात पाय रोवून उभी. माझं डोकं तापलं. मला माहीत होतं की ट्रे समोर आहे तोवर ही हटायची नाही. एकदा वार थैलीत गेली की वाद संपला. म्हणून मी ती तशीच उचलली आणि पिवळ्या थैलीत टाकली. दोन मिनिटं पसरून बघितली असती तर ती दोन मिनिटं सासू माझ्याशी भांडली असती. तेवढंच वाचवलं मी.

सासू बडबडत मागे वळली. धापूबाई वळली नाही. ट्रेमधून थैलीत जाताना जेवढं दिसलं तेवढं तिनं बघितलं होतं. अगदी हळू, माझा अपमान होऊ नये अशा आवाजात ती म्हणाली, "मैडम, जरा पलटी ने देखी लो. नस किनार के बाहर जई री हे।"

जरा उलटून बघा, नस कडेच्या बाहेर जातेय. मी वर जे तुम्हाला एवढं समजावून सांगितलं, ते एका अंगठेबहाद्दर बाईनं चार पावलांवरून, निमिषभरात बघितलं होतं.

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते लिहायलाच मी बसले आहे. मी म्हणाले, "पच्चीस साल से यही कर रही हूँ. अब तुम सिखाओगी मुझे? चलो, बाहर." शिकाऊ मुली हसल्या. धापूबाईनं हात जोडले आणि ती बाहेर गेली.

मी केस पेपर ओढला आणि लिहिलं, वार पूर्ण. सही केली.

आणि इथेच संपलं असतं तर मी त्याला घाई म्हटलं असतं. घाई सगळ्यांची होते. पण थैली न्यायची गाडी चार वाजता यायची. तोवर ती थैली कोपऱ्यात होती. मी दोनदा तिच्याजवळून गेले. नस किनार के बाहर, हे शब्द डोक्यातून जात नव्हते. हातमोजे घालून थैली उघडायला किती वेळ लागतो? पण मुली तिथेच होत्या. मी उघडली असती तर त्यांना कळलं असतं की मी न बघताच लिहिलंय, आणि तेही एका दाईच्या सांगण्यावरून. मी उघडली नाही. चार वाजता गाडी आली. तेव्हा मला बरं वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी संगीता घरी गेली. नवव्या दिवशी तिला जीपमधून आणलं, तेव्हा मी ड्यूटीवरच होते. अंग तापानं फणफणलेलं, ओठ कागदासारखे, लुगडं भिजून टाचेपर्यंत रक्त. सोनोग्राफीत आत तुकडा दिसला. मोठ्या डॉक्टर मॅडमनी तो काढला, पण आत सगळं कुजलं होतं आणि रक्त काही केल्या थांबेना. शेवटी गर्भपिशवी काढावी लागली. बाविसाव्या वर्षी. संगीता वाचली, एवढं देवानं केलं.

ऑपरेशननंतर मोठ्या मॅडम व्हरांड्यात आल्या. त्या वाईट नव्हत्या, थकल्या होत्या आणि संतापल्या होत्या. त्यांनी सासूला विचारलं, "घर पे किसने हाथ लगाया इसको?"

सासू म्हणाली, "दाई ने मालिश की थी, पेट की, कमर की।"

"बस, यही होता है. मना करते हैं, फिर भी दाई से हाथ लगवाते हो." मग त्यांनी केस पेपर चाळला आणि माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, आंवल पूरी थी ना?"

धापूबाई खांबाला टेकून उभी होती. तिचे डोळे माझ्यावर होते. रागानं नव्हे. माझ्या तोंडून आता खरं निघणार, अशी वाट बघत होती ती. तिला त्याची खात्री असावी, असं मला नंतर अनेकदा वाटलं. एका कामातली दोन माणसं एकमेकांना ओळखतात ना, तसं तिनं मला ओळखलं होतं, आणि मी तशी निघाले नाही.

"जी मॅडम, पूरी थी," मी म्हणाले. "लिखा है।"

सासू धापूबाईकडे वळली आणि सगळ्या व्हरांड्यासमोर तिला नाही नाही ते बोलली. "म्हने तो खाली तेल लगायो थो," मी नुसतं तेल लावलं होतं, एवढंच धापूबाई म्हणाली, तेही एकदाच. तिनं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी कुणी मानलं नसतं. माझ्याकडे कागद होता, तिच्याकडे फक्त तिचे डोळे होते.

त्यानंतर मी बदलले, असं म्हणायला हरकत नाही. त्या दिवसानंतर एकही वार मी पूर्ण बघितल्याशिवाय सोडली नाही. शिकाऊ मुलींच्या प्रत्येक तुकडीला मी ट्रेसमोर उभं करायची. पसरा, पालथी करा, तुकडे मोजा, कडा बघा, नस कुठे जाते ते बोटानं दाखवा. जी चुकेल तिला रडेपर्यंत बोलायची. मुली मला मागे वारवाली ताई म्हणायच्या, ते मला कळायचं आणि आवडायचंही. कुणी विचारलं, ताई, नस कडेबाहेर जाते ते ओळखायचं तुम्हाला कुणी शिकवलं, तर मी सांगायची, अनुभवानं येतं. म्हणजे दाईचं नाव तर बुडवलंच, वर तिची विद्याही माझ्या नावावर खपवली.

निवृत्तीच्या दिवशी हॉलमध्ये कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, फोटो. माझ्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी, आता ती मुख्य सिस्टर आहे, भाषणात म्हणाली की ताईंच्या हातून छत्तीस वर्षांत एकही वार अर्धी राहिली नाही. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि आता अंकासाठी लिहायला बसले तर तेच वाक्य माझ्या हातून आपोआप उतरलं, माझ्या हातून एकही वार. पुढे लिहवेना. आमच्या ह्यांनी कागद बघितला. बारा वर्षांत कधी न सांगितलेली ही गोष्ट मी ह्यांना त्या दिवशी सांगितली.

"आता कशाला जुनं उकरून राहिलीस?" हे म्हणाले. "बारा वर्षं झाली. त्या लोकांना आठवतही नसेल."

"त्यांना नसेल तर बरंच आहे," मी म्हटलं. "पण धापूबाईला असेल."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नानाखेड्याच्या स्टँडवर जाऊन त्यांच्या गावाकडची बस धरली. फाट्यावर उतरून आत तीन किलोमीटर, एका दूधवाल्यानं मोटरसायकलवर सोडलं. गाव लहान, पण घर विचारताना मला भीती वाटली. आधी धापूबाईकडे जावं असं मनात होतं. पण तिचं घर विचारलं तर दूधवाला म्हणाला, "कौन धापू? वो दाई? वो तो नहीं रही, मैडम. दो बरस हो गए।"

मग मी संगीताकडे गेले.

ती ओसरीवर शिवणयंत्राशी बसली होती. अंगानं भरली होती, पण चेहरा तोच. तिनं मला ओळखलं आणि लगबगीनं उठली, खुर्ची दिली, पाणी दिलं. "अरे, सिस्टर जी! अम्मा, देखो कौन आया. इन्होंने ही तो मेरी जान बचाई थी।" सासू आत बाजेवर बसली होती, आता नीट दिसत नाही तिला, पण तिनंही हात जोडले. मुलगी शाळेतून आलेली, सातवीत आहे म्हणे. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मला खुर्चीत बसवेना.

मुलगी आत गेल्यावर मी सांगितलं. शब्द फिरवले नाहीत. आंवल मी बघितली नव्हती, न बघता लिहिलं, धापूबाईनं सांगितलं होतं तरी ऐकलं नाही, आणि व्हरांड्यात मॅडमनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. तुझी बच्चेदानी गेली ती माझ्यामुळे, तिच्यामुळे नाही.

यंत्रावर निळ्या ब्लाउजची एक बाही अडकली होती. संगीता तिच्याकडे बघत राहिली. सासू आतून म्हणाली, "हमने तो डॉक्टर की बात मानी थी. हमको क्या मालूम।" 

मला वाटलं होतं संगीता रडेल, किंवा मला हाकलून देईल. दोन्हीची मी तयारी केली होती. ती स्वतःबद्दल काहीच बोलली नाही.

"गुड़िया एक साल की हुई ना," ती म्हणाली, "तब धापू माँ लापसी बना के लाई थी. मैंने बरतन वैसा का वैसा वापस कर दिया. बोला, अब हाथ मत लगाना मेरे घर की किसी चीज को। वो कुछ नहीं बोली. फिर कुएँ पे मैं जाती तो वो घड़ा उठा के दूसरे रस्ते से निकल जाती. गाँव में किसी ने उसको जचकी में नहीं बुलाया, एक ने भी नहीं. मर गई तो उसके नुक्ते में पूरा गाँव जीमने गया. हमारे घर से कोई नहीं गया।"

नुक्ता म्हणजे तेराव्याचं जेवण. तिथे न जाणं म्हणजे मेलेल्या माणसाला माफ न करणं. मी संगीताला म्हटलं की यात तुझा दोष नाही, तुला जे सांगितलं गेलं ते तू मानलंस. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. तेव्हा मला कळलं की मी माझं ओझं उतरवायला आले होते आणि ते मी तिच्या ओसरीवर उतरवलं होतं. शब्द परत घेता येत नव्हते, आणि खरं सांगायला फार उशीर झाला की ते ऐकणाऱ्यावरच ओझं होऊन बसतं.

मग तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"उस दिन बोल देतीं तो आपका क्या जाता, सिस्टर जी? नौकरी चली जाती?"

बारा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. मी विचार केला. खोटं बोलायचं नाही असं ठरवून आले होते.

"नहीं," मी म्हणाले. "नौकरी नहीं जाती. एक मेमो मिलता।"

"मेमो मतलब?"

"कागज. उस पे लिखा रहता है कि आगे से ध्यान रखें. अपन साइन कर देते हैं, फिर वो फाइल में लग जाता है।"

"बस?"

"बस," मी म्हणाले.